जुन्या पीसीवरून नव्या लॅपटॉपवर: डीटीपीचं सगळं काम (श्रीलिपी, पेजमेकर, टॅली, मेल) कसं न्यायचं?

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. कऱ्हाडला पप्पांचं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं, निवडणूक आली की हँडबिलं, अशी कामं. दुकानातला पीसी २०११ साली असेंबल केलेला, विंडोज ७ ते पण ३२ बिट, ५०० जीबीची हार्डडिस्क, सी आणि डी ड्राइव्ह. हल्ली तो इतका रखडतो की फाइल सेव्ह करताना पण मध्येच गोठून बसतो. म्हणून नवीन लॅपटॉप घेतलाय, विंडोज ११, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. आता जुन्यावरचं सगळं नव्यावर न्यायचंय आणि मी नोकरीमुळे पुण्यात, शनिवार-रविवारच जाऊ शकते.

काय काय आहे: डी ड्राइव्हवर साधारण १८० जीबी, त्यात पेजमेकर ७ (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) च्या फाइली, कोरलड्रॉच्या फाइली, फोटो, स्कॅन. शिवाय डेस्कटॉपवर इतक्या फाइली की वॉलपेपर कुठलाय ते कुणाला माहीत नाही. श्रीलिपी (मराठी टायपिंग आणि फॉन्टचं सॉफ्टवेअर) आहे, त्याचा एक डोंगल, म्हणजे जो लावल्याशिवाय ते चालत नाही अशी किल्ली, सीपीयूच्या मागे खोचलेला असतो. हिशोबाचं टॅली आहे, ते आत्तेभाऊ बघतो. जुनं आउटलुक आहे, त्यात बरीच वर्षं मागचे मेल. क्रोममध्ये पासवर्ड सेव्ह आहेत, जीएसटीचा, बँकेचा, सगळेच.

आता प्रश्न असा की हार्डडिस्क काढून सरळ कॉपी-पेस्ट करायचं का? का क्लोन की काय म्हणतात ते केलं तर प्रोग्रामसकट सगळं जसंच्या तसं येईल? गावातला कॉम्प्युटरवाला म्हणतो मशीन ठेवून जा, डेटा काढून देतो आणि जुन्याला फॉरमॅट मारून देतो. पप्पा नाही म्हणतायत आणि मलाही भीतीच वाटते.

स्क्रूड्रायव्हर_नाशिक:
फॉरमॅट कुणालाही मारू देऊ नका, पप्पांचं बरोबर आहे. नव्या लॅपटॉपवर सगळी कामं उघडून बघेपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही.

क्लोनचं विसरा. म्हणजे क्लोन होईल, पण तो नव्या लॅपटॉपवर चालू होणार नाही. तुमचं विंडोज ७ जुन्या बायोसवर (मशीन सुरू व्हायची जुनी पद्धत) बसलेलं, नवीन लॅपटॉप सगळे यूईएफआयचे (नवी पद्धत), त्यात एनव्हीएमई एसएसडीचा ड्रायव्हर विंडोज ७ ला मुळात नाही, वायफायचा नाही, ग्राफिक्सचा नाही. पूर्वी विंडोज ७ मध्ये ईझी ट्रान्स्फर म्हणून एक सोय होती, एका मशीनवरून दुसऱ्यावर फाइली आणि सेटिंग न्यायची, ती विंडोज १० पासून काढून टाकली. तशीही त्यातून प्रोग्राम येत नव्हतेच. तेव्हा डेटा कॉपी करायचा आणि प्रोग्राम नव्याने टाकायचे, दुसरा रस्ता नाही.

कॉपी करायच्या आधी एक काम करा, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट टूल आहे, पेनड्राइव्हवर टाकून जुन्या पीसीवर चालवा. निळं गुड दिसलं तर पुढे जा. पिवळं कॉशन दिसलं तर इथे येऊन सांगा, मग पद्धत बदलते. सेव्ह करताना गोठतं म्हणालात त्यावरून मला डिस्कचाच संशय आहे. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा, स्वतः काही करू नका.

डिस्क चांगली असेल तर दोन मार्ग. एक म्हणजे एक्स्टर्नल डिस्क जुन्या पीसीला लावून कॉपी. २०११ च्या बोर्डावर बहुतेक यूएसबी २ असेल, त्यात खरा स्पीड सेकंदाला ३० एमबीच्या आसपास मिळतो, म्हणजे १८० जीबीला कागदावर पावणेदोन तास, पण बारक्या बारक्या फाइली लाखभर असतील तर अर्धा दिवस धरा. दुसरं म्हणजे हार्डडिस्क काढून साटा टू यूएसबी ॲडॉप्टरने सरळ नव्या लॅपटॉपला लावायची. इथे एक लक्षात ठेवा, डेस्कटॉपची डिस्क साडेतीन इंची असते, तिला १२ व्होल्ट लागतात, त्यामुळे ज्या ॲडॉप्टरसोबत वेगळा पॉवर ॲडॉप्टर येतो तोच घ्या. लॅपटॉपच्या डिस्कसाठी मिळते ती नुसती केबल लावली तर डिस्क फिरणारच नाही आणि लोकांना वाटतं मेली.

एक्स्टर्नल डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट फॉरमॅटची असू द्या. पेनड्राइव्ह बऱ्याचदा फॅट३२ असतात, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही आणि आउटलुकची फाइल हमखास त्याच्या वर गेलेली असते. कट-पेस्ट कधीच नाही, फक्त कॉपी.

सनीवेल_पक्या:
एवढा कुटाणा कशाला, सगळं क्लाउडवर टाक ना. गूगल ड्राइव्ह नाहीतर वनड्राइव्ह, नवीन लॅपटॉपवर लॉगिन केलं की झालं.

स्क्रूड्रायव्हर_नाशिक:
पक्याभाऊ, गूगलचं फुकटातलं १५ जीबी, वनड्राइव्हचं ५. पैसे भरून जागा घेतली तरी २० एमबीपीएस अपलोड धरला तर १८० जीबीला सलग २० तास, मग तेवढंच परत खाली उतरवायचं. तालुक्याच्या गावात लाइट एकदा तरी जाणारच. महत्त्वाच्या फाइलींची एक जादा कॉपी म्हणून क्लाउड उत्तम, सामान हलवायला नाही.

हां, वनड्राइव्हवरून आठवलं, नवीन लॅपटॉप सुरू करताना मायक्रोसॉफ्टचं अकाउंट टाकलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरं तो आपोआप वनड्राइव्हकडे वळवतो. मग तुम्ही पप्पांचा तो भरलेला डेस्कटॉप तिथे पेस्ट करणार, ५ जीबी भरणार, आणि रोज पैसे भरा म्हणून पाटी येणार. आधीच वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन बॅकअप बंद करा. त्याच अकाउंटमध्ये बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) रिकव्हरी की पण असते, नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर बहुतेक वेळा एन्क्रिप्शन न विचारता चालू असतं, ती की कागदावर लिहून दुकानाच्या फाइलला लावा.

शाईपान:
कोयनाकाठ, तुमच्या कामात फाइली कॉपी होणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. मी पुण्यात डीटीपीच करते, पुस्तकं आणि दिवाळी अंक. नव्या मशीनवर फाइल येते, डबल क्लिक केलं की उघडते पण, आणि आत सगळं इंग्रजी अक्षरं, कंस, टोप्या, डॉलर असलं काहीतरी दिसतं. घाबरायचं नाही, फाइल बिघडलेली नसते. जुन्या श्रीलिपीच्या फाइलीत मराठी अक्षर म्हणून काही साठवलेलंच नसतं, साठवलेला असतो फॉन्टमधल्या चित्राचा नंबर. तो फॉन्ट मशीनवर असेल तर मराठी दिसतं, नसेल तर कचरा. त्यामुळे जुन्या पीसीच्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्स हे अख्खं फोल्डर आधी उचला. नेटवरून त्याच नावाचा फॉन्ट उतरवून काम भागवू नका, त्याच नावाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतात, मग ओळी सरकतात, ९६ पानांचा अहवाल ९८ पानांवर जातो आणि पतसंस्थेचे सेक्रेटरी तुमच्या डोक्यावर बसतात. ज्या मशीनवर काम झालं त्याच मशीनचे फॉन्ट. पण नव्यावर नेल्यावर सगळे सिलेक्ट करून इन्स्टॉल मारू नका, मंगल, एरियल वगैरे नव्या विंडोजचे त्याचे त्याचे असू द्या, फक्त श्रीलिपीचे आणि पप्पा वापरतात ते इंग्रजी डिस्प्ले फॉन्ट घाला.

कुणी सांगेल मॅक घ्या, त्यात श्री देवनागरी ७१४ आयताच मिळतो. मिळतो, पण तो युनिकोड आहे (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला नंबर), तुमच्या श्रीलिपीच्या जुन्या ०७१४ फॉन्टच्या फाइली त्यात वाचता येणार नाहीत. घराणं एक असलं तरी आतली मांडणी वेगळी.

आता पेजमेकरची खोड. त्यात लावलेले फोटो बऱ्याचदा फाइलच्या आत नसतात, फक्त पत्ता असतो, डी ड्राइव्ह, अमुक फोल्डर, तमुक फोटो. नव्या लॅपटॉपला एकच सी ड्राइव्ह असतो. तुम्ही सगळं सी वर जुना डेटा म्हणून फोल्डर करून टाकलंत तर प्रत्येक फाइल उघडताना फोटो सापडत नाही म्हणून विचारत बसेल. त्यामुळे नव्या लॅपटॉपवर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी थोडा आकसून घ्या, २५०-३०० जीबीचं नवीन पार्टिशन करा, त्याला डी हेच अक्षर द्या, आणि जुनं डी जसंच्या तसं, एकाही फोल्डरचं नाव न बदलता, त्यात ओता. आवराआवर करायची खुमखुमी असेल तर सहा महिन्यांनी करा. पेनड्राइव्ह लावलेला असेल तर डी अक्षर त्याने पकडलेलं असतं, तो काढून मग करा.

पेजमेकर ७ हे शेवटचंच, त्यानंतर अडोबीने नवीन काढलं नाही. इनडिझाइनमध्ये त्या फाइली उघडतात पण सीएस६ पर्यंतच, आताच्या सबस्क्रिप्शनवाल्या इनडिझाइनने ते दार बंद केलंय. म्हणून माझा आग्रह असा की जुनं मशीन धड चालतंय तोवर, पुढे परत लागणारी जी कामं आहेत, दरवर्षीचे अहवाल, पावतीपुस्तकं, नेहमीच्या गिऱ्हाइकांची लेटरहेडं, त्यांची पीडीएफ जुन्या मशीनवरच करून ठेवा, फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे पीडीएफच्या आतच बसवून. विंडोज ७ मध्ये पीडीएफ प्रिंटर आयता नाही, तो विंडोज १० पासून आला, त्यामुळे वेगळा टाकावा लागेल किंवा अडोबीचं पीडीएफ बनवायचं डिस्टिलर असेल तर त्यातून. पीडीएफ असली की फॉन्ट गेला, डोंगल गेला, पेजमेकर गेलं तरी छापता येतं. हे कंटाळवाणं काम आहे, पप्पांना रोज दुपारी थोडं थोडं करू दे, त्यांनाच माहीत कुठली कामं परत येतात.

आणि तो डोंगल नीट बघून सांगा, यूएसबीचा आहे का जुन्या प्रिंटरच्या रुंद पोर्टवाला, २५ पिनांचा?

पार्लेकर:
त्यापेक्षा सगळं युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून टाका एकदाच. २०२५ उलटलं तरी लोक अजून श्रीलिपीत अडकलेत. कन्व्हर्टर फुकट मिळतात.

शाईपान:
पार्लेकर, नवीन काम युनिकोडमध्येच करावं, त्यात वादच नाही. पण जुनं १८० जीबी कन्व्हर्ट करून कोण तपासणार? कन्व्हर्टर ९० टक्के नीट करतो आणि उरलेलं शोधत बसायचं. रफार पुढच्या अक्षरावर जातो, ऱ्ह आणि ऱ्य हमखास मोडतात. यांच्या गावाचंच नाव घ्या, कऱ्हाडचं कर्हाड होतं, आणि पत्रिकेत गावाचं नाव चुकलं तर पैसे कोण देणार? जो मजकूर परत लागेल तेवढाच, लागेल तेव्हा कन्व्हर्ट करायचा आणि प्रूफ वाचायचं.

जमाखर्च:
टॅलीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. भाऊ बघतो म्हणालात, त्याला सांगा की जुन्या पीसीवर टॅलीचं लायसन्स सरेंडर करायचं (त्या मशीनवरून सोडवून घ्यायचं), आणि ते जुना पीसी चालू असतानाच, नेट जोडून, टॅलीच्या आतूनच होतं. मग नव्यावर तेच लायसन्स ॲक्टिव्हेट करायचं. लोक डिस्क काढून मोकळे होतात आणि मग नव्यावर टॅली म्हणतं की हे लायसन्स दुसरीकडे चालू आहे, मग सपोर्टला फोन करत बसा. सरेंडरच्या आधी टॅलीमधूनच प्रत्येक कंपनीचा बॅकअप घ्या, शिवाय डेटाचं अख्खं फोल्डर वेगळं कॉपी करा. ते कुठे आहे ते कंपनी सिलेक्ट करायच्या स्क्रीनवर पाथ दिसतो, लोकांनी कुठेही ठेवलेलं असतं. नवीन टॅलीप्राइममध्ये उघडताना डेटा मायग्रेट करू का विचारलं तर हो म्हणायच्या आधी मूळ फोल्डरची प्रत बाजूला आहे ना बघा, एकदा नव्यात गेलेला डेटा जुन्यात परत उघडेल या भरवशावर राहू नका.

डिजिटल सही असेल तर ती पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते, पीसीमध्ये काही नसतं. नव्यावर फक्त त्या टोकनचा ड्रायव्हर टाकायचा. टोकन इनिशियलाइज करू का असं विचारलं तर नाही म्हणायचं, सही पुसली जाते.

संत्रानगरी:
मेलचं सांगतो. आधी हे बघा की अकाउंट पॉप आहे का आयमॅप. आयमॅप असेल तर सगळे मेल सर्व्हरवर आहेत, नव्यावर लॉगिन केलं की येऊन जातात, काहीच कॉपी करायचं नाही. पॉप असेल तर बहुतेक मेल फक्त त्या पीसीवरच उरलेत, सर्व्हरवरून कधीच उडाले. मग पीएसटी फाइल, म्हणजे आउटलुक सगळे मेल ज्यात साठवतं ती, शोधा. आउटलुक २०१० असेल तर डॉक्युमेंट्समध्ये आउटलुक फाइल्स नावाच्या फोल्डरमध्ये असते, २००७ असेल तर ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, आउटलुक असं आत लपलेलं. ॲपडेटा हिडन असतं, आधी हिडन फाइल दिसतील असं सेटिंग करा. आउटलुक बंद करून मगच कॉपी, चालू असताना कॉपी होत नाही. लॅपटॉपवर आयतं मिळतं ते नवीन आउटलुक जुन्यासारखं नाही बरं का, पीएसटीसाठी क्लासिकवालंच घ्या.

क्रोम, विंडोज ७ वर १०९ नंबरच्या व्हर्जनला थांबलंय. प्रोफाइलचं फोल्डर कॉपी करून पासवर्ड येत नाहीत, ते त्या विंडोजच्या लॉगिनला बांधलेले असतात. पासवर्डच्या सेटिंगमधून एक्सपोर्ट करा, सीएसव्ही फाइल निघेल, नव्यावर इम्पोर्ट करा आणि लगेच ती फाइल डिलीट करा, रीसायकल बिनमधून पण, कारण त्यात बँकेचा पासवर्ड सरळ वाचता येतो.

तांबडापांढरा:
एक लई भारी आयडिया हाय. डिस्क२व्हीएचडी नावाचं मायक्रोसॉफ्टचंच टूल हाय, चालू पीसीची अख्खी डिस्क एका फाइलीत घेतंय. ती फाइल नव्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समधी (पीसीच्या आत दुसरा पीसी चालवायचं सॉफ्टवेअर) लावायची, की विंडोज ७ खिडकीत चालू. पेजमेकर, श्रीलिपी, फॉन्ट, समदं जिथल्या तिथं. १६ जीबी रॅमवर आरामात पळंल. फकस्त त्याचं नेट बंद ठेवायचं, विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० लाच संपल्यात.

स्क्रूड्रायव्हर_नाशिक:
आयडिया चांगली आहे भावा. पण डोंगल यूएसबीचा असेल तरच तो खिडकीतल्या विंडोजला जोडता येईल, आणि ॲक्टिव्हेशन परत मागेल ते वेगळं, हार्डवेअर बदललं असं त्याला वाटतं.

कोयनाकाठ:
बापरे एवढी उत्तरं, सगळ्यांचे खूप आभार. काल दुकानात जाऊन बघितलं. डोंगल रुंदवालाच आहे, २५ पिनांचा, त्याच्या मागे परत प्रिंटरची केबल लावायची जागा आहे. आणि क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळं कॉशन आलं, करंट पेंडिंग सेक्टर काउंटच्या पुढे पिवळा गोळा आणि काहीतरी नंबर. पप्पा म्हणाले चेक डिस्क लावून रात्रभर ठेवूया का, मी थांबवलं आणि मशीन बंद करून आले. आता?

स्क्रूड्रायव्हर_नाशिक:
थांबवलंत ते फार बरं केलंत. पेंडिंग सेक्टर म्हणजे डिस्कला ते तुकडे वाचता येत नाहीयेत आणि त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. चेक डिस्क आणि डीफ्रॅग दोन्ही डिस्क नुसती रगडतात, बिघडत्या डिस्कला ते नको. अँटीव्हायरसचं स्कॅन नको. उगाच फोल्डर उघडून थंबनेल बघत बसणं पण नको.

आता क्रम बदला. डिस्क काढा, पॉवरवाल्या ॲडॉप्टरने लॅपटॉपला लावा, आणि पहिल्यांदा जे परत मिळणार नाही तेवढंच घ्या: टॅलीचा डेटा, पीएसटी, चालू कामांचं फोल्डर, फॉन्ट्स. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे यूझर फोल्डरमध्ये असतात, ते उघडताना परमिशन नाही म्हणेल, कंटिन्यू म्हणा आणि थांबा. डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज असं एक फोल्डर दिसेल ते उघडणारच नाही, त्यात काही नसतं, तो नुसता जुन्या नावाचा रस्ता आहे, त्यासाठी झगडू नका.

मग बाकीचं डी. एक्सप्लोररने कॉपी केलं तर एका खराब फाइलवर अख्खी कॉपी अडून बसते. रोबोकॉपी वापरा, विंडोजमध्येच असतं, कमांड प्रॉम्प्टवर. फक्त आर आणि डब्ल्यू हे दोन स्विच १ ला ठेवा, कारण न सांगता सोडलं तर रोबोकॉपी न वाचणाऱ्या फाइलवर १० लाख वेळा प्रयत्न करतो, दर वेळी ३० सेकंद थांबून. एक्सजे पण द्या म्हणजे त्या फसव्या रस्त्यांत शिरत नाही, आणि लॉग फाइल काढा, म्हणजे कुठल्या फाइली राहिल्या ते नावानिशी कळतं. मध्येच बंद पडलं तर तीच कमांड परत द्यायची, झालेल्या फाइली तो सोडून देतो.

संत्रानगरी:
माझं मत उलटं आहे. अशा डिस्कचा आधी डीडीरेस्क्यू नावाच्या टूलने पूर्ण क्लोन काढावा, मग क्लोनवरून निवांत फाइली घ्याव्या. चांगला भाग आधी वाचून घेतो, खराबाकडे शेवटी वळतो. फाइल फाइल करत डिस्कचं डोकं इकडेतिकडे पळवलं तर उरलेला जीव त्यातच जाईल.

स्क्रूड्रायव्हर_नाशिक:
शास्त्राप्रमाणे तुमचंच बरोबर. पण डीडीरेस्क्यू म्हणजे लिनक्सचा पेनड्राइव्ह, कमांड, आणि कुठून कुठे हे उलटं टाइप झालं तर चांगल्या डिस्कवरची रिकामी पानं खराब डिस्कवर. पहिल्यांदाच करणाऱ्या माणसाने आधी मोजकी फोल्डरं वाचवावी आणि मग क्लोनला हात घालावा असं मी सांगेन. क्लोन मात्र करायचाच आहे, कारण डोंगल.

कोयनाकाठ, २५ पिनांचा डोंगल तुमच्या लॅपटॉपला कधीच लागणार नाही. बाजारात यूएसबी टू पॅरलल केबल मिळते, ती प्रिंटरपुरती, डोंगल तिच्यावर ओळखत नाही, पैसे घालवू नका. डेस्कटॉपमध्ये पॅरलल पोर्टचं कार्ड बसवता येतं, लॅपटॉपमध्ये नाही. तर माझं म्हणणं, जुना पीसी टाकूच नका. मशीन म्हातारं नाहीये, त्याची डिस्क म्हातारी आहे. एक साटा एसएसडी घ्या, त्यावर क्लोन घ्या, ती जुन्या पीसीत बसवा, विंडोज ७ पळायला लागेल. नेटची केबल काढून टाका. जुनी श्रीलिपी-पेजमेकरची कामं तिथे, मेल, टॅली, नवीन कामं, गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर प्रूफ पाठवणं हे लॅपटॉपवर. एसएसडी घेताना ४८० जीबीची घेऊ नका, जुनी ५०० आहे, त्याहून लहानावर सरळ क्लोन बसत नाही. ५०० किंवा ५१२.

शाईपान:
याला माझा पूर्ण पाठिंबा. आमच्याकडे पण एक जुना पीसी कोपऱ्यात तसाच ठेवलाय. शिवाय श्रीलिपी बनवणारी मॉड्युलर इन्फोटेक पुण्याचीच कंपनी आहे, जुना डोंगल देऊन नवीन आवृत्ती कशी मिळते ते फोन करून विचारा, खरेदीचं बिल शोधून ठेवा. डोंगलला मात्र जपा, त्याची कॉपी नाही.

तांबडापांढरा:
म्हंजे माझी खिडकी गेली का 😄 बरं डोंगलचं ठीक हाय. एक सांगतो, मराठी नावाच्या फाइली असतील तर विंडोज ७ च्या आतल्या झिपनं बांधायला जाऊ नका, ही अक्षरं चालत न्हाईत म्हणून नकार देतंय. ७-झिप वापरा.

कोयनाकाठ:
अपडेट देते. महत्त्वाची फोल्डरं आधी घेतली, मग रोबोकॉपी लावला. लॉगमध्ये थोड्या फाइली फेल आहेत, बहुतेक जुन्या लग्नांचे फोटो आणि एक कोरलची फाइल, ती मेलमध्ये गिऱ्हाइकाला पाठवलेली सापडली. पेजमेकरचा इन्स्टॉलर लॅपटॉपवर चालला. नव्या डीवरून गेल्या वर्षीचा एक अहवाल उघडला, फॉन्ट दिसतायत, फोटो पण जागेवर आहेत, पप्पांनी दोनदा स्क्रोल करून खात्री केली. टॅली सरेंडर आत्तेभाऊ डिस्क बदलल्यावर करणार. एसएसडी मागवलीय, क्लोनला इथल्या एका ओळखीच्या मुलाला बसवणारे, तुमचं उत्तर प्रिंट काढून देते त्याला.

दोन प्रश्न राहिले. जुन्या हार्डडिस्कचं शेवटी काय करायचं, भंगारवाला मागतोय. आणि लॅपटॉपवर पप्पांनी युनिकोडमध्ये टाइप करायचं तर कसं, त्यांचा हात टाइपरायटरच्या कीबोर्डवर बसलाय, श्रीलिपीत तोच लावलेला होता.

जमाखर्च:
भंगारात अजिबात नाही. डीटीपीच्या दुकानात लोकांचे आधार कार्ड, पॅन कार्ड, पासबुकं स्कॅन केलेली असतात, ती सगळी त्यात आहेत. क्विक फॉरमॅटने फक्त यादी पुसते, माल तसाच राहतो.

स्क्रूड्रायव्हर_नाशिक:
आधी ती डिस्क काही महिने कपाटात ठेवा, काहीतरी राहिलंय हे दिवाळीच्या कामात कळतं. नंतर क्विकची टिक काढून पूर्ण फॉरमॅट, विस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये तो सगळीकडे शून्य लिहितो. डिस्क खराब असल्याने तो मध्येच अडेल कदाचित, तसं झालं तर ड्रिलने आरपार दोन-तीन भोकं पाडा आणि मग ई-कचऱ्यात द्या.

शाईपान:
टाइपिंगचं: विंडोजमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) आहेच, फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबायचा) पण विंडोज १० च्या २०१९ मधल्या मे अपडेटपासून आतच आलाय, सेटिंगमध्ये मराठी भाषा ॲड केली की मिळतो. टाइपरायटरचा लेआउट हवा असेल तर वेगळं टूल टाकावं लागतं. पप्पांच्या वयात नवीन कीबोर्ड शिका म्हणून मागे लागू नका, टाइपरायटरवालाच लावून द्या. फक्त ज्या टूलमध्ये ऱ्ह निघतो तेच घ्या, आधी कऱ्हाड टाइप करून बघा.

कोयनाकाठ:
बघितलं 😀 पहिल्या टूलमध्ये नाही निघाला, दुसऱ्यात निघाला. तेच ठेवलंय. एसएसडी बसली की सांगते.